वरच्या सरांचा वायू

हिंगोली जिल्ह्यात सडकी अंडी आवर्जून मागून घेणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो सहा वर्षं आमच्या माडीवर भाड्यानं राहत होता. माडी म्हणजे पत्र्याची एक खोली आणि तिच्यापुढं तेवढीच गच्ची. खाली मी आणि माझी बायको. मी एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होतो, त्यामुळं जगात काहीही वेळेवर होतं यावर माझा विश्वास नव्हता. सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. मूळचे सेनगावकडच्या एका तांड्यातले. पणजोबा बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूख पालथे घालायचे, आजोबांपासून शेती, आणि सर म्हणजे त्या घरातले पहिले प्राध्यापक. त्यांना नाव होतं, चांगलं ऐसपैस नाव होतं, पण ते वर राहायचे म्हणून आमच्या गल्लीनं त्यांना वरचे सर केलं, आणि पुढं पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव न वाचता पत्र वर नेऊन द्यायला लागला.

खोली बघायला आले तेव्हाच मला शंका यायला हवी होती. भाडेकरू नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतात. हे खोलीच्या मधोमध उभे राहिले, डोळे मिटले, नाकानं एक लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "हवा एकाच बाजूनं येते. बराबर आहे." मग विचारलं, "मे महिन्यात इथं किती अंश होतं?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, की भट्टी होते, मागचा भाडेकरू चैत्रातच सोडून गेला. "तसं नाही, आकडा किती?" आकडा मला ठाऊक नव्हता. सरांनी त्याच दिवशी सामानाआधी थर्मामीटर आणून खिळ्याला टांगला आणि मग बिछाना आणला.

जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. नवीन ऑफिसं, नवीन पाट्या, नवीन साहेब. प्रत्येकजण काहीतरी मोठं करायच्या तयारीत होता. सर पीएच.डी. करत होते. विषय असा की विषारी वायू ओळखणारी काचपट्टी बनवायची. बोटभर काच, तिच्यावर राखाडी लेप, दोन्ही टोकांना चांदीचा ठिपका, ठिपक्यांना तारा आणि तारा एका जुन्या काट्याच्या मीटरला. वायू लागला की लेपातून वीज सोपी वाहते आणि मीटरचा काटा उजवीकडं सरकतो. एवढंच. पण सर हे सांगायला लागले की त्यांचे दोन्ही हात हवेत जायचे, चष्मा नाकावरून घसरायचा आणि हातातला चहा बशीत, बशीतून लुंगीवर असा आपापला मार्ग काढायचा. लेप साध्या भुकटीचा चालत नाही, नॅनो कणांचाच लागतो, हे त्यांनी माझ्या बायकोला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून समजावलं होतं. "वहिनी, वरणात अख्खं हळकुंड टाकलं तर वरण पिवळं होईल का?"

"कशाचं होतंय. ते नुसतं बुडी मारून बसंल."

"आणि तेच कुटून टाकलं तर?"

"चिमूटभर पुरतं."

"मग? हळद तेवढीच, पण कुटल्यावर तिचं अंग वाढलं. जितकं बारीक, तितकं वरणाला शिवणारं अंग जास्त. मी जस्त आणि तांबं असं कुटतो, की तुमच्या केसाच्या जाडीत कण हजारांनी बसावेत." हळदीच्या बाजाराच्या, मोंढ्याच्या गावात याहून चांगलं कुणी नॅनो सांगितलं असेल असं मला वाटत नाही. फक्त बायकोनं त्यावर विचारलं, की एवढं बारीक कुटायला खलबत्ता कुठला वापरता, तेव्हा सरांनी तिच्या प्रेशर कुकरकडं पाहिलं. रसायनांचं पाणी बंद भांड्यात तासन् तास तापवलं की कण आपोआप तयार होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. बायकोनं कुकर उचलून फडताळात ठेवला आणि फडताळाला कडी घातली. सरांनी स्वतःचा कुकर आणला. त्या कुकरच्या शिट्ट्या ऐकून गल्लीतल्या बायका मोठ्या कौतुकानं म्हणायच्या, की एकटा माणूस असून रोज वरणभात साग्रसंगीत करतो. सर त्या काळात जेवायला खानावळीत जात होते.

काचपट्टीला सर फिल्म म्हणत. "आज फिल्म चांगली झाली," "कालची फिल्म पडली," असं ते गच्चीवरून मला ओरडून सांगायचे, आणि मी खालून "वा वा" म्हणायचो. याचा परिणाम असा झाला, की औंढ्याकडचा एक नट, जत्रेतल्या नाटकांत राजाची कामं करणारा, काळा चष्मा लावलेले स्वतःचे फोटो घेऊन आमच्या दारात उभा राहिला. सरांनी त्याला वर नेलं, पाट दिला, पाणी दिलं आणि फिल्म हातात ठेवली. त्यानं ती उन्हात धरून उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "सर, यात हिरो कोन आहे?"

"तांबं," सर म्हणाले. "जस्त आहे ते बाकीचं सगळं काम करतं, पण ऐनवेळी तांबंच धावून येतं." नट अर्धा तास बसून, सगळं ऐकून, मीटरला नमस्कार करून गेला. खाली आल्यावर मला म्हणाला, "मानूस पोचलेला आहे. पर पिक्चर काही निघनार न्हाई."

इतरांच्या पट्ट्या तीनशे-तीनशे अंशांपर्यंत तापवाव्या लागतात तेव्हा कुठं त्यांना वायू कळतो, आणि सरांची पट्टी खोलीच्या तापमानालाच ओळखते, हा त्यांचा सगळ्यांत मोठा अभिमान. "कंट्रोलरसाहेब, तापवायला वीज पाहिजे. आपल्याकडं बारा-बारा तास लाईट नसते. वायू काय लाईट यायची वाट बघणार आहे?" त्यांच्या पट्टीला टॉर्चचे दोन सेल पुरायचे. भानगड एकच होती. पुस्तकातली खोली सत्तावीस अंशांची असते, आणि सरांची खोली पत्र्याखाली जानेवारीत चौदा आणि मेमध्ये त्रेचाळीस. त्यांच्या मार्गदर्शकांनी वहीवर लाल शाईनं विचारलं, 'नेमकं कोणत्या खोलीचं तापमान?' सरांनी खाली निळ्या शाईनं उत्तर लिहिलं, 'माझ्या.' आणि मग खरोखरच बाराही महिने, दर आठवड्याला, खोली असेल त्या तापमानाला मोजमाप घेतलं. मे महिन्यात ओला पंचा डोक्यावर घेऊन मीटरपुढं बसलेले सर म्हणजे एखाद्या यात्रेत हरवून शेवटी सापडलेल्या माणसासारखे दिसत. थकलेले, पण अत्यंत समाधानी.

आता अंडी. सरांचा वायू म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. गटारात, मोरीत, गोबरगॅसमध्ये तो असतो. कॉलेजात तो तयार करायचं काचेचं उपकरण होतं, पण ते ज्या कपाटात होतं त्याची किल्ली रजेवर गेलेल्या कुणाकडं तरी होती, आणि ती रजा दीड वर्ष चालली. सरांना थांबवत नव्हतं. आमचं घर माळकरी, अंड्याचं टरफलही दारात पडलेलं चालत नसे. सर एका सकाळी माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, वर अंडी आणायची परवानगी पाहिजे. खाणार नाही. फक्त सडवणार." माझ्या सगळ्या नोकरीत इतका सरळ अर्ज माझ्यापुढं आला नव्हता. मी मंजूर केला.

दुकानदारालाही नवल. तो बिचारा निवडून ताजी अंडी द्यायचा आणि सर आठ दिवसांनी ती परत न्यायचे. "अजून चांगलीच आहेत हो. असं फसवू नका. जुनी द्या." शेवटी दुकानदार गिऱ्हाईक गेल्यावर उरलेली, पाण्यात तरंगणारी अंडी सरांसाठी वेगळी ठेवायला लागला. सर ती लोणच्याच्या बरणीत फोडायचे, बरणीच्या झाकणातून तारा आत सोडलेल्या असायच्या, आणि काटा उजवीकडं सरकला की वरून टाळीचा आवाज यायचा. पहिल्या महिन्यात त्या वासानं माझी बायको जेवण सोडून उठली होती. दुसऱ्या महिन्यात ती सरांची सहकारी झाली.

झालं असं, की तिचं नाक फार तिखट. शेजारच्या तिसऱ्या घरात दूध लागलं तरी हिला आधी कळायचं. सरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी वहीत दोन रकाने पाडले. एकावर लिहिलं 'काटा', दुसऱ्यावर 'वहिनी'. बायको जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहायची, सर वर बरणीचं झाकण थोडं सरकवायचे आणि विचारायचे, "आला?"

"आला."

"किती?"

"मागच्या मंगळवारसारका."

सर ते तसंच लिहायचे. 'मंगळवारसारखा.' मी ती वही पाहिली आहे. विद्यापीठात पाठवताना तो रकाना गाळला असणार, पण मला तो अजूनही सगळ्यांत वाचनीय वाटतो.

एक दिवस बायको जिन्यात बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आता येत न्हाई. झाकण लावलं का?" झाकण उघडंच होतं. काटा मघापेक्षाही पुढं होता. सर तीन पायऱ्या एकदम उतरून आले. "वहिनी, हेच. हेच ते. हा वायू पहिल्यांदा नाकालाच झोपवतो. थोडा असला की घाण येते, आणि जास्त झाला की वासच येत नाही. माणसाला वाटतं, गेला. गेलेला नसतो." त्या दिवशी ते इतके खुशीत होते की संध्याकाळी पेढे घेऊन आले. माझ्या बायकोचं नाक फसलं म्हणून वाटलेले पेढे आम्ही तिघांनी खाल्ले.

या सगळ्या काळात सरांनी शंभरेक फिल्म बनवल्या असतील. त्यातली एकच अशी निघाली, की वायू दाखवला की काटा चढायचा आणि वायू काढला की पुन्हा खाली यायचा, दर वेळी, न चुकता. बाकीच्या चढायच्या आणि कुरकुरत उतरायच्या, काही उतरायच्याच नाहीत. ही एक फिल्म ते चष्म्याच्या डबीत कापसावर ठेवत. वर्षभराचे आलेख तिच्याच मोजमापांवरून काढलेले होते. दिवाळीनंतर दहा दिवसांनी मार्गदर्शक स्वतः येऊन ती बघणार होते, ती चालली की प्रबंध लिहायला मोकळीक.

दिवाळीत आम्ही बायकोच्या माहेरी, आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावजवळ निघालो. सर एकटेच, तांड्यावर सगळे ऊसतोडीला गेलेले, म्हणून बायको म्हणाली, "सर, तुमी बी चला." माझ्या मेव्हण्याकडं गोबरगॅस आहे हे कळल्यावर सरांनी पिशवी भरली. खरा वायू, अंड्याशिवायचा. शेगडीपाशी जरासा घेऊन बघू, म्हणून मीटर, दोन साध्या फिल्म आणि ती डबी.

मेव्हण्याचा आखाडा, म्हणजे शेतातलं घर, गावाबाहेर. आम्ही पोचलो तेव्हा गोबरगॅस बंद पडलेला होता. तळाशी गाळ बसला होता. मेव्हण्यानं ट्रॅक्टरला साखळी बांधून वरची लोखंडी टाकी बाजूला काढली होती, बादल्यांनी शेण उपसलं होतं, आणि आता उघड्या खड्ड्यात दहा-बारा फुटांवर घट्ट गाळ तेवढा राहिला होता. तो बांबूनं गाळ ढवळत होता, आणि वासानं डोळ्यांत पाणी येत होतं. बायको काठाशी वाकून बघत होती. थोड्या वेळानं ती पदर नाकावरून काढत म्हणाली, "गेला बाई एकदाचा वास."

"हवा लागली ना," मेव्हणा म्हणाला, आणि सदरा काढून शिडी खड्ड्यात सोडली. "पाच मिनटात खालचं खरवडून येतो."

सर पिशवीशी बसले होते. बायकोचं वाक्य ऐकून ते उठले. पिशवीतून त्यांनी ती चष्म्याची डबी काढली. साध्या फिल्म होत्या, पण त्यांच्यावर सरांचा भरवसा नव्हता. तारेला बांधून त्यांनी ती चांगली फिल्म खड्ड्यात सोडली. काटा सरकला नाही, धावला. उजव्या टोकाला जाऊन आदळला आणि तिथंच थरथरत राहिला.

"उतरू नका," सर म्हणाले.

"काहून? वास तर गेला न."

"वास गेला नाही. नाक गेलं."

मेव्हणा हसला. तो वाईट माणूस नव्हता, पण आयुष्यभर विहिरी उपसलेला. शेजारचे एक म्हातारे पेटता कंदील घेऊन आले आणि म्हणाले, हा सोडून बघा, विझला तर हवा खराब. सरांनी त्यांच्या हातातला कंदील धरला. "बाबा, हा जळणारा गॅस आहे. विझणार नाही, सगळ्यांना घेऊन जाईल."

"सर, तुमचं मीटर बिघडलं असंल," मेव्हणा म्हणाला आणि शिडीवर पाय ठेवायला गेला. तेव्हा सरांनी, ज्या माणसानं वर्गात कधी पोरांना दरडावलं नव्हतं, त्या सरांनी शिडी दोन्ही हातांनी वर ओढली, जमिनीवर आडवी टाकली आणि तिच्यावर बसले.

"शिडी द्या सर."

"देत नाही."

"अहो, माझी शिडी हाय."

"असू द्या. दुसरी आणली तर तिच्यावर पण बसेन."

हसावं की काय करावं ते कुणाला कळेना. माझी बायको मात्र हसत नव्हती. ती मीटरकडं बघत होती. तिनं भावाला नाव घेऊन हाक मारली आणि म्हणाली, "आधी कोंबडी सोड." म्हाताऱ्यांनी त्यांची एक कोंबडी डालग्यात घालून दिली. दोरीनं डालगं खाली गेलं. आतून पंखांची फडफड ऐकू येत होती. मग एकदम ऐकू येईना. मेव्हण्यानं दोरी भराभर ओढली. कोंबडीची मान डालग्याच्या बाहेर लोंबत होती.

मेव्हण्यानं खाली पडलेला सदरा उचलला आणि अंगात घातला, बटणं चुकीची लावली. माझी बायको आहे तिथंच मातीत बसली. सर शिडीवरून उठले आणि म्हाताऱ्यांना म्हणाले, "तुमच्या कोंबडीबद्दल माफ करा, बाबा."

मग दोन दिवस उफणणीचा पंखा काठावर लावून खड्ड्यात वारं सोडलं. तिसऱ्या दिवशी सरांनी एक साधी फिल्म सोडून बघितली, दुसरी सोडून बघितली, पुन्हा एक कोंबडी सोडली, ती आत आरडाओरडा करत राहिली. तरी सर मेव्हण्याच्या कमरेला दोर बांधल्याशिवाय ऐकेनात. "काटा खाली आहे म्हणजे एक वायू नाही, एवढंच. बाकीच्यांचं मी सांगू शकत नाही." मेव्हणा उतरला, आणि दोर धरून आम्ही पाच जण उभे. तो खालून दर मिनिटाला ओरडून सांगत होता, "हाय बरं मी."

चांगली फिल्म मात्र गेली होती. त्या पहिल्या दिवसापासून काटा उजव्या टोकाला चिकटला तो उतरेचना. सरांनी तिला उन्हात ठेवलं, वारा दिला, परत आणून रोज सकाळी मीटरला जोडलं. वायू इतका जास्त होता की तांब्यानं तो कायमचा धरून ठेवला, असं त्यांनी मला सांगितलं. "सोडतच नाही," ते म्हणाले, जणू तिचीच दया येत होती. मार्गदर्शक आले, बघून गेले. तशी दुसरी फिल्म बनेपर्यंत प्रबंध नाही, असं ठरलं. सरांनी त्यांना गोरेगावची हकीकत सांगितलीच नाही. मी विचारलं तर म्हणाले, "ते मोजमाप नव्हतं, साहेब. आलेख काढायला वेळच मिळाला नाही."

दुसरी फिल्म जमायला पावणेदोन वर्षं लागली. चांगली फिल्म आपल्या खड्ड्यापायी गेली, हे मेव्हण्याला त्या पहिल्याच हिवाळ्यात माझ्या बायकोकडून कळलं. महिन्याभरानं तो जीपमधून उतरला, हातात कडबा अंथरलेलं टोपलं, चेहरा कसनुसा, बरोबरचे प्रवासी केव्हाच मागच्या बाजूला सरकलेले. सरांपुढं टोपलं ठेवून तो म्हणाला, "सर, दोन डझन हायेत. खास तुमच्यासाठी सडवून आनली." सरांनी एक अंडं उचललं, कानाशी हलवून पाहिलं आणि त्यांचा चष्मा ओला झाला. त्या वर्षी आमच्या घरात इतका भयंकर वास होता, आणि इतका आनंदही पुन्हा कधी नव्हता.

पुढं सर डॉक्टर झाले. विदर्भातल्या एका मोठ्या कॉलेजात त्यांना जागा मिळाली, तिथं प्रयोगशाळेला दिवसभर वीज होती. निघायच्या दिवशी मी त्यांना अकोल्याच्या गाडीत पुढची खिडकी दिली आणि गाडी, नोकरीत पहिल्यांदाच, विनाकारण सात मिनिटं थांबवून धरली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते मी खिडकीशी उभं राहून विचारलं, "सर, जगात इतके वायू, तुम्ही हाच घाणेरडा काहून घेतला?" माझी अपेक्षा होती, की यामागं काही मोठं कारण असेल.

सर थोडे लाजले. "मी निवडला नाही हो. मार्गदर्शकांकडं आम्ही पाच जण होतो. सेनगावहून माझी एसटी उशिरा पोचली. चांगले वायू तोवर वाटून झाले होते. हा उरला होता. वासामुळं कुणी घेत नव्हतं." मग गाडी सुटली.

घरी आलो तर बायको वरच्या रिकाम्या खोलीत झाडत होती. भिंतीवर थर्मामीटरचा खिळा तेवढा राहिला होता. मी तिला सरांचं उत्तर सांगितलं. तिचा हात थांबला. केरसुणी टेकवून ती गच्चीच्या दारात येऊन उभी राहिली, गोरेगावच्या दिशेनं बघत.

"बरं झालं," ती हळूच म्हणाली, "त्याहिची गाडी उशिरा पोचली."